तान्ह्या मुलाचा डोळा सुजतो तेव्हा



स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावर सातारा, भोर, बारामतीकडच्या गाड्या येतात. पदराखाली तान्हे मूल घेऊन उतरणाऱ्या आयांपैकी काहींना मोठ्या इस्पितळाची वाट धरायची असते. मुलाचा डोळा सुजलेला असतो, आणि ‘डोळे आले असतील’ अशा समजुतीने घरी दोन दिवस गेलेले असतात. आम्हांला आज बोलावयाचे आहे ते या दोन दिवसांविषयी.

डोळे येतात तेव्हा डोळ्याचा पांढरा भाग लाल होतो, चिपडे धरतात. मूल मात्र बहुधा हसतेखेळते असते. पापणी आणि भोवतालची कातडी लाल, गरम होऊन सुजली, तर तो विकार निराळा. पापणीच्या मागे एक पातळ पडदा असतो. जंतू तो ओलांडून खोबणीत शिरले, की डोळा पुढे येतो, हलेनासा होतो, दृष्टीची नस दबते. खोबणीतल्या शिरा मेंदूकडच्या शिरांना मिळतात. तेव्हा प्रश्न डोळ्याचा न राहता जिवाचा होतो.

अपुऱ्या दिवसांचे, कुपोषित, एच.आय.व्ही.बाधित किंवा जन्मतःच पांढऱ्या पेशींत उणीव असलेले मूल याहून अधिक फसवते. पू म्हणजे मुख्यतः जंतूंशी लढून पडलेल्या पांढऱ्या पेशी. सैन्यच नसेल तर रणात प्रेते कोठून दिसणार? अशा मुलाला पू नसतो, कधी तापही नसतो. अंग उलट गार पडते. ओलाव्यात वाढणारा स्यूडोमोनास हा जंतू त्याच्या रक्तात शिरला, तर पापणीवरचा लाल डाग पाहता पाहता काळा पडतो. म्हणून पू नाही यावर विसंबून राहू नये.

काजळ, मध, दूध डोळ्यात घालू नये. येथे नुसते मलम पुरत नाही. औषध शिरेतून द्यावे लागते, आणि रक्ततपासणीचा निकाल हाती येण्याआधीच ते सुरू करावे लागते.

मूल बरे झाले तरी एक प्रश्न उरतो : यालाच हे का झाले? आधीचे भावंड तान्हेपणी दगावले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मुंबईत परळला, के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत जन्मजात उणिवेची तपासणी होते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजारविषयक धोरणातही अशा काही विकारांचा समावेश आहे.

आमचे मागणे एवढेच : अशक्त मुलाची पापणी सुजली, मूल दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, तर रात्र उलटू देऊ नका.