पाक जमला तरच लाडू



डास चावला की गांधी उठते. अंगभर लाल चट्टे आले की घरातली आजी ‘पित्त उठलं’ म्हणते आणि आमसुलाचे पाणी चोळते. यात बिचाऱ्या यकृताचा काहीच हात नसतो. त्वचेतल्या मास्ट पेशींनी आपल्या कणिका बाहेर टाकलेल्या असतात. पण आजीला हसण्याआधी शास्त्रज्ञांची बारशीही पाहावीत. १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम हॉवेल यांच्या हाताखाली काम करणाऱ्या जे मॅक्लीन या विद्यार्थ्याला रक्त गोठू न देणारे द्रव्य सापडले. पुढे असे द्रव्य यकृतातून मिळाले म्हणून, यकृताच्या ग्रीक नावावरून, हॉवेल यांनी त्याला ‘हेपॅरिन’ म्हटले. १९३७ मध्ये स्वीडनच्या होल्मग्रेन आणि विलांडर यांनी दाखवून दिले, की या द्रव्याचे कोठार मास्ट पेशींत आहे. म्हणजे आळ पुन्हा यकृतावरच आला होता.

खुद्द ‘मास्ट’ हे नावही गैरसमजातूनच पडले. पाउल एर्लिख या तरुणाने १८७८ मध्ये लाइपझिगला अ‍ॅनिलीन रंगांवर प्रबंध सादर केला. त्याने रंगवलेल्या ऊतीत काही पेशी कणिकांनी गच्च भरलेल्या दिसल्या. त्या खाऊनपिऊन माजल्या आहेत असे वाटून त्याने त्यांना जनावर पोसण्याशी संबंधित जर्मन शब्द बहाल केला. निरीक्षण मात्र अचूक होते. रंग निळा, पण कणिकांवर बसला की जांभळा! या रंगबदलाचे कारण एकच : कणिकेत दाटीवाटीने बसलेला ऋणभार. त्यावर रंगाचे रेणू एकमेकांना खेटून रचले जातात आणि त्यांची छटा पालटते.

हा ऋणभार येतो कुठून? कणिकेच्या मध्यभागी सरग्लायसिन नावाचे प्रथिन असते. त्यात सेरीन आणि ग्लायसीन ही अमिनो आम्ले आळीपाळीने येतात आणि सेरीनवर हेपॅरिनच्या लांब साखळ्या फुटतात. बाटली घासायच्या ब्रशासारखी ही रचना. साखळीवर सल्फेट इतके, की ऋणभाराच्या घनतेत हेपॅरिनची बरोबरी करणारे जैविक रेणू विरळाच. त्याला धनभारित मंडळी चिकटतात : ट्रिप्टेज, कायमेज आणि कार्बॉक्सिपेप्टिडेज ही प्रथिने तोडणारी विकरे, आणि इवलेसे हिस्टामिन. मास्ट पेशींत हिस्टामिन असते हे १९५३ मध्ये डंडीच्या जेम्स रायली आणि जेफ्री वेस्ट यांनी सिद्ध केले.

पाठ्यपुस्तके कणिकेला हिस्टामिनची पिशवी समजून पुढे जातात. खरे तर ती पिशवीपेक्षा रव्याच्या लाडवाच्या जवळची आहे. रवा, तूप, बेदाणे सगळे असले, तरी पाक बिघडला की लाडू वळत नाही. १९९९ मध्ये बोस्टनच्या आणि स्वीडनच्या दोन गटांनी हाच पाक बिघडवून पाहिला. हेपॅरिनवर सल्फेट बसवण्यासाठी लागणारे एक विकर त्यांनी उंदरांतून काढून टाकले. साठवायच्या विकरांच्या जनुकांना हातही लावला नव्हता. तरीही मास्ट पेशींतल्या कणिका बेढब आणि रिकाम्या दिसू लागल्या. हिस्टामिन घटले, विकरांचा साठाही टिकला नाही.

सुटकेचे गणितही हेपॅरिनशी असलेल्या याच बंधाचे. कणिकेच्या आत सामू सुमारे ५.५, म्हणजे आम्लधर्मी. तिथे हिस्टामिनवर धनभार जास्त असतो. कणिका उघडली की बाहेरचा सामू ७.४ आणि सोडियमची रेलचेल. सोडियम जागा बळकावतो, हिस्टामिन निसटते आणि काही मिनिटांत रक्तातून नाहीसे होते. ट्रिप्टेज मात्र हेपॅरिनला धरून राहते. त्याचे चार घटक कडे करून बसतात आणि हेपॅरिन ते कडे विस्कटू देत नाही. रक्तात ते काही तास सापडते. म्हणूनच तीव्र अ‍ॅलर्जीचा झटका आलेल्या रुग्णाचा नमुना ट्रिप्टेजसाठी पहिल्या काही तासांत घेतात. वेळ टळली की पुरावाही गेला.

हे कोठार निव्वळ उपद्रवी असते, तर उत्क्रांतीत टिकलेच नसते. आपल्या शेताच्या बांधावर भेटणाऱ्या घोणसीच्या विषावर हिगिनबॉथम यांनी १९६५ मध्ये काम केले. मास्ट पेशींतले हेपॅरिन ते विष जागीच अडवायला मदत करते, असे उंदरांवरच्या प्रयोगांतून पुढे आले. २००६ मध्ये मार्टिन मेट्झ, स्टीफन गॅली आणि सहकाऱ्यांना आढळले, की मास्ट पेशी नसलेले उंदीर सर्पविषाला आणि मधमाशीच्या विषालाही लवकर बळी पडतात. विषाचा जोर मोडण्यात कार्बॉक्सिपेप्टिडेजचा वाटा असतो. ज्या साठ्यामुळे गांधी उठते, तोच विषावरही धावून जातो.

एवढे असून आपल्या वर्गांत मास्ट पेशी एका ओळीत आटोपते : ‘हिस्टामिन स्रवते.’ त्या ओळीच्या जागी जीवरसायनाच्या अभ्यासकांच्या या परिषदेने एक प्रयोग सुचवावा. टोलुइडिन ब्लू हा रंग स्वस्त आहे, सूक्ष्मदर्शक बहुतेक महाविद्यालयांत आहे. उंदराच्या त्वचेची काच त्या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावी. फिकट निळ्या तंतूंमध्ये जांभळ्या ठिपक्यांनी भरलेली पेशी दिसली, की विद्यार्थ्याला आधी विचारावे, ‘रंग बदलला कशामुळे?’ हिस्टामिनचे नाव त्यानंतर घ्यावे.