मुदत सरलेली सनद



जुन्या मराठी दप्तरांतील इनामपत्रे ज्यांनी चाळली असतील, त्यांना त्या पत्रांच्या अखेरीस वारंवार येणारी दोन कलमे परिचयाची असतील. दरसाल ताज्या पत्राचा उजूर करू नये, हे पहिले. म्हणजे एकदा करून दिलेल्या पत्रावरच पुढे पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट चालू द्यावी, नव्या पत्राच्या मागणीपायी इनामदारास कचेरीचे खेटे घालावयास लावू नयेत. दुसरे असे की, पत्राची नक्कल दप्तरी लिहून घेऊन अस्सल पत्र ज्याचे त्यास भोगवट्याकरिता परत द्यावे. देणाऱ्याची इच्छा अशी चिरंतनाची असे. तरीही गादीवर नवा पुरुष आला की तेच इनामदार तीच जीर्ण पत्रे फडक्यात बांधून नव्या शिक्क्यासाठी हुजुरात रुजू होत, कारण पत्राचे बळ त्याच्या मागे उभ्या असलेल्या, आणि विचारले असता ‘होय, हे आम्हीच दिले’ असे सांगू शकणाऱ्या हाताचे असते, ही गोष्ट उभय पक्षांस पक्की ठाऊक असे.

आज मी ज्या सनदेविषयी बोलणार आहे ती संगणकाची सनद आहे. तिला डिजिटल प्रमाणपत्र म्हणतात, आणि तिचा नमुना ‘एक्स ५०९’ या नावाने १९८८ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. या प्रमाणपत्रात धारकाचे नाव असते, त्याची सार्वजनिक किल्ली असते, एक अनुक्रमांक असतो, देणाऱ्याचे नाव असते, केव्हापासून व केव्हापर्यंत असे दोन क्षण सेकंदापर्यंत नोंदलेले असतात, आणि या सर्व मजकुरावर देणाऱ्याची, कोणासही खोटी करता न येणारी स्वाक्षरी असते. ताज्या पत्राचा उजूर करू नये असे म्हणण्याऐवजी ही सनद जन्मतःच स्वतःच्या अखेरीची तारीख कपाळी घेऊन येते. पुष्कळांना हा तिचा दोष वाटतो. मला तो तिचा प्रामाणिकपणा वाटतो. धारकाची गुप्त किल्ली चोरीस जाऊ शकते, यंत्र मोडीत निघू शकते, ज्याच्या नावाने सनद दिली तो खात्यातून जाऊ शकतो, आणि दिलेली सनद रद्द केल्याची वार्ता सर्व संबंधितांपर्यंत वेळेवर पोहोचेलच असा भरवसा नसतो. अशा स्थितीत ‘अमुक दिवसापर्यंत मी याची हमी घेतो, त्यापुढे मला पुन्हा येऊन विचारा’ असे सांगणारा जामीन यावच्चंद्रदिवाकरौ हमी देणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासार्ह, असे माझे मत आहे.

आता या सनदा जेथे सांभाळल्या जातात त्या ठिकाणाकडे वळू. शेकडो माणसे आणि शेकडो यंत्रे असलेल्या संस्थेत कोण कोणता, कोणास कोणत्या दालनात प्रवेश, कोणाचा परवलीचा शब्द कोणता, याचे एकत्र दप्तर ठेवणाऱ्या यंत्रास ओळख-व्यवस्थापनाचा सर्व्हर म्हणतात. ‘फ्री आयपीए’ ही त्यासाठी मुक्त परवान्याने मिळणारी एक सुप्रतिष्ठित प्रणाली आहे. तिच्या पोटात चार-पाच स्वतंत्र कारखाने एका छपराखाली नांदतात. ‘३८९ डिरेक्टरी सर्व्हर’ ही तिची खतावणी. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात १९८३ साली सुरू झालेल्या ‘अथेना’ प्रकल्पातून जन्मलेले ‘कर्बेरॉस’ हे तिचे दस्तक देणारे खाते. सकाळी एकदा ओळख पटवली की दिवसभर पुरणारे तिकीट तेथून मिळते. ‘डॉगटॅग’ हा प्रमाणन अधिकारी, ज्याला व्यवहारात नुसते ‘सीए’ म्हणतात. प्रमाणपत्रांवर शिक्का मारण्याचा अधिकार त्याचा. आणि ‘सर्टमाँगर’ हा मुदतींवर नजर ठेवणारा कारकून: मुदत संपण्यास २८ दिवस उरले की तो नूतनीकरणाची खटपट आपणहून सुरू करतो.

इतकी तजवीज असता मुदत टळते कशी, असे कोणी विचारील. तो प्रसंग मी जवळून पाहिला आहे. पुण्यातील ज्या संस्थेच्या संगणक-विभागात मी तेव्हा नोकरीस होतो तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. एका गुरुवारी सायंकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी आमच्या सर्व्हरवरील चार प्रमाणपत्रांची मुदत संपली, आणि त्या क्षणी कोणाच्याही लक्षात येण्याजोगे काहीएक घडले नाही. दिवे चालू होते, माणसे येत-जात होती, परवलीचे शब्द चालत होते. शुक्रवारी एका नव्या मुद्रण-सर्व्हरसाठी प्रमाणपत्र मागितले ते मिळाले नाही, तेव्हा ते काम सोमवारवर ढकलले गेले. रविवारी रात्री नित्याची अद्ययावत दुरुस्ती बसवून सर्व्हर पुन्हा सुरू करण्यात आला, आणि मग मात्र तो उठेना. पडद्यावर ओळी उमटत होत्या: खतावणी सुरू झाली, कर्बेरॉस सुरू झाले, आणि सीएची पाळी आली तसा तो अडला; आणि एक सेवा अडली म्हणून यंत्राने आपल्या नियमाप्रमाणे नुकत्याच सुरू केलेल्या सर्व सेवा एकामागून एक पुन्हा बंद केल्या.

सीए का अडला, हे पाहण्यासारखे आहे. त्याचे सारे कागद खतावणीत असतात, आणि खतावणीच्या दारात त्याला स्वतःची ओळख पटवण्यासाठी स्वतःचेच एक प्रमाणपत्र दाखवावे लागते. त्याची मुदत संपली होती; म्हणून खतावणीने त्याला आत घेतले नाही; आत घेतले नाही म्हणून तो कामावर रुजू होऊ शकला नाही; आणि तो रुजू झाल्यावाचून त्या प्रमाणपत्राचे नूतनीकरण करील असा दुसरा कोणी या राज्यात नव्हता. कचेरीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली कचेरीतील टेबलाच्या खणात, अशी ही अवस्था होती.

सोमवारी सकाळी ज्यांनी आपापल्या संगणकावर पूर्वी काम केले होते त्यांना तेथे जतन झालेल्या ओळखीवर प्रवेश मिळाला, परंतु सामायिक दप्तराचे दार बंद. नव्याने बदलून आलेल्यांना तर काहीच उघडेना. त्या वेळी आमच्यातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने जो विवेक दाखवला तो मी विसरलो नाही. कारणाच्या शोधात सकाळ घालवण्याआधी त्यांनी, एखादी सेवा अडली तरी बाकीच्या चालू ठेवाव्यात असा वेगळा हुकूम देऊन सर्व्हर सुरू केला. सीए तेवढा पडून राहिला. बाकीचे घर उभे राहिले. दहा मिनिटांत लोक कामाला लागले. रोजच्या तिकिटांना सीएची गरज नसते, हे त्यांना ठाऊक होते.

मग ‘गेटसर्ट लिस्ट’ हा हुकूम देऊन आम्ही सर्टमाँगरच्या नोंदी काढल्या. वेबच्या दाराचे प्रमाणपत्र ताजे होते, खतावणीच्या दाराचेही ताजे होते. चार आठवड्यांपूर्वी कारकुनाने ती वेळेवर नवी करून घेतली होती. जुनी राहिली होती ती आतली चार, जी संस्थेतील सर्व जोडसर्व्हरांत सामायिक असतात: सीएची खतावणीतील ओळख, प्रमाणपत्रे वैध की रद्द याची उत्तरे देणाऱ्याचा शिक्का, तपासणीच्या नोंदींवरील शिक्का, आणि प्रणालीच्या वतीने सीएकडे अर्ज नेणाऱ्या मुखत्याराचे प्रमाणपत्र. या चारांच्या नूतनीकरणाचा अधिकार एका वेळी एकाच सर्व्हरकडे असतो. तो नवी प्रमाणपत्रे करून खतावणीत ठेवतो आणि इतर सर्व्हर ती तेथून उचलतात. आमच्या येथे ते पद ज्या सर्व्हरकडे होते तो वर्षापूर्वीच जुना झाला म्हणून काढून टाकण्यात आला होता. त्याची माहिती हलवली गेली, त्याचे काम हलवले गेले, त्याची जागा नव्या यंत्राने घेतली. पद मात्र कोणाच्याच नावावर चढले नाही. उरलेल्या सर्व्हरवरील कारकून २८ दिवस, दर आठ तासांनी, म्हणजे दिवसातून तीनदा खतावणीत डोकावून येई, नवे प्रमाणपत्र आले नाही असे पाही, आणि पुन्हा आठ तास थांबे. नोंदीत या सर्व काळाची स्थिती एकाच शब्दात लिहिलेली होती: ‘सीए वर्किंग’, म्हणजे काम चालू आहे. त्या शब्दाने मला आजही व्यथा होते. जो हजर होता त्याने आपले कर्तव्य एकदाही चुकवले नव्हते. आणि ज्याची वाट पाहिली जात होती तो हयातच नव्हता.

अशा प्रसंगी पूर्वापार चालत आलेला एक उपाय आहे, तो म्हणजे सर्व्हरचे घड्याळ मागे नेणे. वेळ जुळवणारी सेवा बंद करावयाची, तारीख मुदतीच्या आतल्या एखाद्या दिवसावर आणावयाची, आणि त्या कल्पित दिवशी सीएला उठवून त्याच्याकडून नवी प्रमाणपत्रे करून घ्यावयाची. उपाय गुणकारी आहे. अनेक संस्था त्याने वाचल्या आहेत. परंतु त्यास मर्यादा फार. दिवस असा निवडावा लागतो की ज्या दिवशी जुनी प्रमाणपत्रे मेलेली नाहीत आणि नवी झालेली प्रमाणपत्रे जन्माला आलेली आहेत. आमच्या बाबतीत ही खिडकी जेमतेम चार आठवड्यांची होती, आणि काही ठिकाणी असा एकही दिवस सापडत नाही. शिवाय कर्बेरॉस घड्याळांतील पाच मिनिटांहून अधिक फरक सहसा खपवून घेत नाही, त्यामुळे तितका वेळ तो सर्व्हर इतरांपासून तोडावा लागतो. आणि तपासणीच्या नोंदींत, जे आज झाले ते गेल्या महिन्यात झाले, असे कायमचे लिहिले जाते. ज्या दप्तराचे सारे प्रयोजन साक्ष देणे हे आहे, त्या दप्तरात अशी नोंद निरुपायाने करावी लागली तरच करावी.

२०१९ पासून फ्री आयपीएत ‘आयपीए सर्ट फिक्स’ नावाचे एक साधन आले आहे, आणि आम्ही ते वापरले. प्रथम सर्व दप्तराची प्रत काढून बाजूस ठेवली. हुकूम देताच त्या साधनाने कोणकोणती प्रमाणपत्रे नवी करावी लागतील याची यादी वाचून दाखवली, प्रत काढून ठेवण्याविषयी बजावले, आणि पुढे जाण्यासाठी ‘यस’ हा शब्द पुरा लिहावा असे सांगितले. तो तीन अक्षरांचा शब्द लिहिणाऱ्या माझ्या तरुण सहकारिणीने लिहिण्यापूर्वी यादी दोनदा मोठ्याने वाचली. मग त्या साधनाने सीएला काही काळापुरते, प्रमाणपत्राऐवजी परवलीच्या शब्दावर खतावणीत प्रवेश देवविला, आजच्या खऱ्या तारखेसच चारही प्रमाणपत्रे नवी करून घेतली, आणि ती तात्पुरती सवलत काढून घेतली. अखेरीस एक ओळ उमटली, तिचा अर्थ असा की नूतनीकरणाचे पद आता या सर्व्हरने स्वीकारले आहे.

एक तपासणी मात्र आम्ही हाताने केली, आणि ती करणे अगत्याचे आहे. अर्ज नेणाऱ्या मुखत्याराची खतावणीत एक नोंद असते, आणि तीत त्याच्या प्रमाणपत्राचा अनुक्रमांक लिहिलेला असतो. प्रमाणपत्र नवे झाले की क्रमांक बदलतो; नोंदीत जुनाच राहिला तर सीए त्या मुखत्यारास ओळखत नाही, आणि हाती ताजे प्रमाणपत्र असूनही त्याचा अर्ज दारातून परत येतो. हाताने केलेल्या दुरुस्त्यांत तासन्‌तास खाणारी ही जागा आहे. आम्ही एका कागदावर दोन्ही क्रमांक खालीवर लिहून अंक अंक जुळवला. ते जुळले. दुपारी मुद्रण-सर्व्हरचा शुक्रवारचा अर्ज पुन्हा केला, तो मंजूर झाला.

हा केवळ एका संस्थेच्या दुर्लक्षाचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. ६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमध्ये ओ टू या कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचे मोबाइल इंटरनेट बंद पडले, त्याच दिवशी जपानात सॉफ्टबँकचे ग्राहकही अडले, आणि दोहोंच्या मुळाशी एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधील मुदत संपलेले प्रमाणपत्र निघाले. पुढे तर मुदती आखूडच होत जाणार आहेत. सार्वजनिक वेबसाठीच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर आणण्याचा निर्णय २०२५ साली झाला आहे. इतक्या त्वरेचे काम मनुष्याच्या स्मरणावर सोपवता येणार नाही, ते यंत्रानेच केले पाहिजे. आणि म्हणून ते काम आज कोणत्या यंत्राच्या नावावर आहे, एवढी एक गोष्ट मनुष्याने लक्षात ठेवलीच पाहिजे.

आमच्या विभागात त्यानंतर चार्ज देण्याघेण्याच्या कागदात एक रकाना वाढवला. यंत्र काढताना त्याच्याकडे कोणते पद आहे आणि ते कोणाकडे गेले, हे त्यात लिहून दोघांनी सही करावयाची. मुदतीच्या तारखा प्रमाणपत्रांत ग्रीनिचच्या वेळेने असतात, त्या आम्ही साडेपाच तास मिळवून आपल्या वेळेने लिहितो, म्हणजे मध्यरात्रीच्या आसपासची तारीख एका दिवसाने चुकत नाही. त्या चार प्रमाणपत्रांपुढे दोन वर्षांनंतरची तारीख आली. सीएच्या स्वतःच्या प्रमाणपत्राची मुदत वीस वर्षांची असते. त्याच्यापुढे जी तारीख आली त्या दिवशी आमच्यापैकी एकही जण त्या खुर्चीवर असणार नाही. ती तारीख लिहून झाल्यावर त्या सहकारिणीने खाली आणखी एक ओळ घातली: हे वाचणाऱ्याने एक वर्ष आधी कामास लागावे, आणि जुन्या दप्तराची प्रत कोठे आहे ते पुढील पानावर पाहावे.