पाहुणा नव्हे, घरचा माणूस

(परदेशांतून प्रशिक्षणासाठी आलेले स्वयंसेवक आणि त्यांना आपल्या घरी ठेवून घेणारी मावळातील कुटुंबे यांच्यापुढे लोणावळा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लोणावळ्याला परका माणूस नवा नाही. १८६३ साली आगगाडी बोरघाट चढून वर आली, तेव्हापासून या गावाने बाहेरचा माणूस रोज पाहिला आहे. कोणी हवापालटासाठी येतो, कोणी पावसाळ्यात धबधबे पाहण्यासाठी येतो आणि चिक्कीचे पुडे घेऊन परत जातो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेल्या कैवल्यधामात योगाचा अभ्यास करण्यासाठी देशोदेशींचे लोक येऊन राहतात. त्यामुळे परक्या माणसाची दोन रूपे आपल्याला चांगली परिचयाची आहेत. एक गिऱ्हाईक आणि दुसरा पाहुणा. गिऱ्हाइकाशी आपला व्यवहार पैशाचा, पाहुण्याशी आदराचा. पण आज जो तरुण किंवा तरुणी आपल्या घरी दोन-तीन महिने राहणार आहे, ती व्यक्ती या दोहोंपैकी कोणीच नाही. तिला घरचा माणूस व्हावयाचे आहे. ते कसे साधावे, एवढाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल गई’, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केली नाही. पाहुणचाराला मर्यादा असते. रोज गोडधोड करणे घराला परवडत नाही आणि रोज पाटावर बसून राहणे पाहुण्यालाही मानवत नाही. जे नाते तीन दिवसांसाठी आहे, ते तीन महिने ताणले की दोन्ही बाजूंना त्रास होतो. म्हणून पहिल्या आठवड्यातच पाहुण्याचा पाट उचलावा आणि त्याच्या हाती घरातले एखादे काम द्यावे.

मावळची जुनी परंपरा

ही कल्पना परदेशातून आलेली आहे, असे आपणांस वाटण्याचा संभव आहे. पण तिचे एक जुने रूप येथून जवळच, कार्ल्याच्या लेण्यांत, दगडावर कोरलेले आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने करजिक नावाचे गाव वलूरक येथील लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी दान दिल्याचा तेथे लेख आहे. वलूरक म्हणजेच आजचे कार्ले. हे दान चारही दिशांहून येऊन तेथे वर्षावास करणाऱ्या संघासाठी होते. त्याच चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांची नावे आहेत. याचा अर्थ असा की, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी दूरदूरचे साधक मावळच्या पावसात मुक्कामाला येत आणि त्यांचे अन्न येथल्या एका गावाच्या उत्पन्नातून येई. ते अन्न पिकविणाऱ्या शेतकऱ्याचे नाव मात्र लेखात नाही. दात्याचे नाव राहते, रांधणाऱ्याचे आणि राबणाऱ्याचे राहत नाही. या गोष्टीकडे मी पुन्हा वळणार आहे.

शिबिरापेक्षा घर बरे

अर्वाचीन काळात या पद्धतीला शिस्तबद्ध स्वरूप दिले ते डोनाल्ड वॉट या अमेरिकन गृहस्थांनी. १९३२ साली निरनिराळ्या देशांच्या मुलांना युरोपात एका शिबिरात एकत्र आणून त्यांनी आरंभ केला. पण एकत्र ठेवल्याने माणसे एकत्र येतातच असे नाही. पुढल्याच वर्षापासून त्यांनी मुलांना कुटुंबांत ठेवण्याची रीत स्वीकारली. या उपक्रमातून जर्मनीला गेलेल्या तरुणांपैकी सार्जंट श्रायव्हर हे एक होत. १९६१ साली अमेरिकेत पीस कोअर ही स्वयंसेवकांची संघटना स्थापन झाली, तेव्हा तेच तिचे पहिले संचालक झाले.

पीस कोअरचे स्वयंसेवक १९६१ ते १९७६ या काळात भारतात होते. त्यांची एकूण संख्या चार हजारांहून अधिक भरते. आरंभीच्या वर्षांत त्यांचे प्रशिक्षण मुख्यतः अमेरिकेतील विद्यापीठांतच होत असे. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर १९६६ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, असे प्रशिक्षण घेऊन मुंबईजवळ विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत आल्या आणि १९६८ पर्यंत तेथे त्यांनी आरोग्यसेवेचे काम केले. वर्गात शिकलेली भाषा आणि विक्रोळीच्या दवाखान्यात रुग्णाच्या तोंडून येणारी भाषा यांत केवढे अंतर असेल, याची कल्पना आपण करू शकतो. पुढे प्रशिक्षण ज्या देशात काम करावयाचे त्याच देशात, आणि तेही तेथील कुटुंबात राहून, घेण्याची पद्धत रूढ झाली, ती या अनुभवांतूनच. आपल्या पुण्यातही १९६९ पासून पुढे अनेक वर्षे अमेरिकन महाविद्यालयांचे विद्यार्थी मराठी कुटुंबांत राहून मराठी शिकत. मॅक्सीन बर्नसन या विदुषींचे उदाहरण तर सर्वश्रुत आहे. भाषेच्या अभ्यासासाठी त्या फलटणला आल्या, जाई निंबकर यांच्यासमवेत त्यांनी मराठी शिकविणारी पुस्तके लिहिली, १९७८ साली भारताचे नागरिकत्व घेतले आणि फलटणच्या मुलांच्या शिक्षणाला स्वतःस वाहून घेतले.

घर ही पाठशाळा

घरात असे काय शिकावयास मिळते, जे वर्गात मिळत नाही? प्रथम भाषाच घ्या. पुस्तक सांगते, ‘मी जातो’ हे वाक्य शुद्ध आहे. घरातली आजी सांगते, उंबरठा ओलांडताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे. दिवा विझवला म्हणू नये, मालवला म्हणावे. पुस्तक ‘धन्यवाद’ हा शब्द शिकविते. घरात वाढणारीला कोणी धन्यवाद देत नाही. ‘आमटी छान झाली’ म्हणावे आणि आपले ताट आपण उचलून मोरीत ठेवावे, हीच तेथली कृतज्ञता. पानावरचा पहिला ‘नको’ हा संकोचाचा समजून यजमान आणखी वाढतात. म्हणून नकार कसा द्यावा, हेसुद्धा शिकावेच लागते.

दुसरे शिक्षण कामाचे. पावसाळ्यात आलेल्या स्वयंसेवकाने राब, चिखलणी, आवणी हे शब्द वहीत उतरून घेणे वेगळे आणि गुडघाभर चिखलात वाकून एक दिवस आवणी करणे वेगळे. संध्याकाळी त्याची पाठ जे सांगेल, ते कोणताही अहवाल सांगू शकणार नाही. उद्या तो आरोग्याचे काम करू लागला की ‘पाणी उकळून प्या’ असा उपदेश करील. ज्याने ओले सरपण फुंकताना घरची सून पाहिली आहे, गॅसची टाकी महिनाभर कशी पुरवावी लागते हे पाहिले आहे, त्याचा उपदेश निराळा होईल. पाणी कशावर उकळावयाचे, कोणी उकळावयाचे आणि केव्हा, याचा विचार तो आधी करील. विकासाच्या अनेक योजना याच ठिकाणी अडखळतात. सल्ला बरोबर असतो, पण तो घराच्या दिनक्रमात बसत नाही.

कोणाचे घर?

येथे एक सावधगिरीची सूचना करणे मला आवश्यक वाटते. स्वयंसेवकासाठी घर निवडताना आपण साहजिकच गावातले मोठे, पक्के, सोयींचे घर निवडतो. पण माणूस ज्या ओटीवर बसतो, त्या ओटीवरून त्याला गाव दिसते. आंदर मावळातील ठाकर आणि कातकरी वस्त्या त्या ओटीवरून दिसत नाहीत. दिसल्या तरी त्या त्याला घरमालकाच्या शब्दांतून दिसतात. म्हणून यजमान घरे सर्व समाजांतून आणि वाड्यावस्त्यांवरूनही निवडली पाहिजेत. स्वच्छ पाणी, शौचालय, रात्री कडी लावता येईल अशी निजण्याची जागा, विशेषतः तरुणींसाठी, एवढ्या अटी पुरेशा आहेत. घर लहान असणे हा दोष नव्हे. परदेशी नागरिक घरी उतरल्यावर चोवीस तासांच्या आत विहित पद्धतीने त्याची नोंद करणे हे मात्र यजमानाचे कर्तव्य आहे. ते संस्थेवर सोडून निर्धास्त राहू नये.

गृहिणीचा वाटा

आता कार्ल्याच्या लेखातील न कोरलेल्या नावाकडे येतो. यजमान म्हणून नोंद कुटुंबप्रमुखाची होते, सत्कारात नारळ त्याच्या हाती पडतो. पण एक माणूस वाढले की चार भाकरी कोणाच्या हातच्या वाढतात? तिखट कमी केलेली भाजी वेगळी कोण काढते? म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की, होकार देण्यापूर्वी घरातील स्त्रीला विचारावे आणि तिचा नकार हा नकारच समजावा. निर्वाहाची रक्कम ठरलेली असावी, वेळेवर मिळावी आणि ती घर चालविणाऱ्या स्त्रीच्या हाती द्यावी. ‘पाहुण्याकडून पैसे कसे घ्यावे?’ असा संकोच काही जण बाळगतात. मी म्हणतो, घरातला कमावता मुलगा आईच्या हातावर खर्चाचे पैसे ठेवतो, तेव्हा आपल्याला संकोच वाटतो काय? तेथे पैसा देणे हेच घरचेपणाचे लक्षण असते.

तरुण मित्रांनो, आता दोन शब्द आपल्यासाठी. घरचा माणूस होणे म्हणजे स्वतःचे सारे विसरणे नव्हे. एकांत हवा असेल तर तसे सांगा. आमच्याकडे एकटे बसलेल्या माणसाला बरे वाटत नाही असे समजून विचारपूस करतात, त्यात चौकसपणापेक्षा माया अधिक असते. काही चालीरीती आपणांस पटणार नाहीत. त्यांविषयी प्रश्न अवश्य विचारा, पण निकाल देण्याची घाई करू नका. आणि आपल्यामुळे त्या घरात कोणाचे काम वाढले आहे, हे रोज पाहत जा.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. प्रशिक्षणाच्या शेवटी परीक्षा होईल, प्रमाणपत्र मिळेल. पण खरी परीक्षा घरात आधीच झालेली असेल. ‘आमच्या गाईला वासरू झालं’ असे न म्हणता घरच्या आजी ज्या दिवशी ‘आपल्या गाईला वासरू झालं’ असे सहज म्हणतील, त्या दिवशी आपण उत्तीर्ण झालात असे समजा.