परतीच्या वादळाचा हिशेब



कपाशीची पहिली वेचणी हाताशी आली, खरिपाची ज्वारी कणसात भरली, की आपण आभाळाकडे धाकानं पाहतो. मृगाचा पाऊस पीक उभं करतो, परतीचा उभं पीक आडवं करतो. ऑक्टोबरचं ऊन तापतं, ओल्या रानातली वाफ वर चढते, दुपारी ढगांचे डोंगर उभे राहतात. मग पावसासोबत ढगातली गार हवा धाडकन खाली येते, जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. म्हणून बांधाच्या अलीकडची ज्वारी झोपते अन् पलीकडची ताठ राहते. हे ध्यानात ठेवा, सगळं भांडण इथंच आहे.

२०२० च्या ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरातलं वादळ काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढलं आणि तेलंगण ओलांडून सोलापूर-उस्मानाबादेवर कोसळलं. गावंच्या गावं बुडाली, सगळ्यांना दिसली. सरकारनं हेक्टरी १०,००० रुपये जाहीर केले, तेही २ हेक्टरपर्यंतच. पण चार शिवारांत वारं घुसलं तर कोण येतं पाहायला?

पूर्वी पीक विम्यात निदान एक सोय होती. पाणी साचलं, गारपीट झाली, किंवा कापून वाळत टाकलेलं पीक अवकाळी पावसानं भिजलं, तर ७२ तासांत कळवायचं आणि आपल्या शेताची पाहणी व्हायची. (फोन लागायचा का, ते विचारू नका.) २०२५ च्या खरिपात राज्यात एक रुपयाचा विमा गेला, त्याच्यासोबत ही कलमंही गेली. कपाशीचा हप्ता मात्र ५ टक्क्यांपर्यंत, ज्वारीचा २ टक्के. भरपाई कशावर? पीक कापणी प्रयोगाच्या सरासरीवर. आमचं सारं शेत झोपलं आणि मंडळ तगलं, तर आमच्या हाती भोपळा!

भिजलेल्या कापसाची गत वेगळी सांगायला नको. सरकारी खरेदीत ८ टक्क्यांवर ओलावा गेला की भाव कापतात, १२ वर गेला की गाडी परत.

तेव्हा यंदा आपण दोन कामं करू. कापणी प्रयोग कोणत्या गट नंबरात आहे ते आधी विचारून घेऊ आणि त्या दिवशी गावातले चार जण तिथं हजर राहू. वजन डोळ्यांदेखत झाल्याशिवाय कागदावर सही नाही. दुसरं, नुकसान ३३ टक्क्यांवर दिसलं की तलाठ्याकडे लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. तोंडी सांगितलेलं पंचनाम्यात उतरत नाही.