बुधवार पेठेंतील भगिनींचा हक्क

दगडूशेठच्या गणपतीला हात जोडून आम्ही परततों आणि बुधवार पेठेंतल्याच शेजारच्या गल्ल्यांकडे पाठ फिरवितों. तेथील बाया माणसें नव्हेत काय? १९५६ चा कायदा कुंटणखाना चालविणारास शिक्षा करतो. सज्ञान बाई राजीखुशीनें धंदा करते, एवढ्यानेंच ती गुन्हेगार ठरत नाहीं. गिऱ्हाइकाची अब्रू मात्र शाबूत, ही मोठी मौज! १९ मे २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बजाविलें कीं, पोलिसांनीं तिला मानानें वागवावें, अत्याचार झाल्यास तिला तात्काळ औषधोपचार मिळावा, आणि तिच्याजवळचा निरोध गुन्ह्याचा पुरावा मानूं नये. निरोध पुरावा ठरला तर ती तो जवळ बाळगील कशी, आणि रोग थांबेल कसा? दवाखान्यांत केसपेपर काढतांना कोणी तिला हिणविलें, तर तेथें रांगेंत असलेल्या आम्हीं तिची बाजू घ्यावी, एवढेंच आज मागणें आहे.