मोडलेला कणा आणि पुन्हा समुद्र
(कनेरगाव नाका येथील वार्षिक सभेतील भाषण)



आपल्या नाक्यापासून समुद्र फार दूर. तरीही आज आम्ही एका दर्यावर्दीविषयी बोलणार आहोत. नौदलाचे वैमानिक अभिलाष टॉमी यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून २०१३ साली एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत वादळाने डोलकाठी मोडली; पाठीच्या कण्यास जबर इजा झाली. तीन दिवसांनी फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. शस्त्रक्रियेने कण्यात टायटॅनियमच्या सळ्या बसविल्या. चालणे नव्याने शिकावे लागले. आम्हांस प्रदक्षिणेहून हे चालणे मोठे वाटते. त्यास टाळ्या मिळत नाहीत, हे खाटेशी बसलेले नातेवाईक जाणतात. चार वर्षांनी ते त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरे आले.