घटना समितीतील सहकारी आणि विरोधक



घटनेच्या निर्मितीबद्दल दोन तऱ्हेची भाषणे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. एक वक्ता सांगतो की काँग्रेसने मोठ्या मनाने बाबासाहेबांना बोलावून घटनेचे काम सोपविले. दुसरा सांगतो की बाकीचे सारे नावापुरते होते, एकट्या बाबासाहेबांनी सर्व केले. दुसऱ्याला टाळ्या जास्त पडतात. मला मात्र दोन्ही भाषणे अपुरी वाटतात. कारण दोन्हींत बाबासाहेबांचे राजकारण नाहीसे होते. ज्यांच्याशी आयुष्यभर झगडा केला, त्यांच्याशी एका कामापुरती भागीदारी कशी करावी आणि ती कधी मोडावी, हे राजकारण आज समजून घेण्यासारखे आहे.

१९४६ साल आठवा. पुणे करारातून उपजलेली निवडणूक पद्धत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या मुळावर आली होती. प्रांतिक निवडणुकांत फेडरेशनचा धुव्वा उडाला. काँग्रेसने अस्पृश्यांसाठी काय केले, असा जाब विचारणारा बाबासाहेबांचा ग्रंथ वर्षापूर्वीच निघाला होता. जुलै महिन्यात आपले लोक पुण्यात सत्याग्रह करून तुरुंगात जात होते. अशा वेळी मुंबई प्रांतातून घटना समितीवर निवडून येणे शक्यच नव्हते. तेव्हा बंगालचे जोगेंद्रनाथ मंडल पुढे आले आणि बाबासाहेब बंगालमधून निवडून गेले. या मंडलांचे नाव आपल्या सभांतून फारसे घेतले जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

१७ डिसेंबर १९४६ रोजी बाबासाहेब घटना समितीत उद्दिष्टांच्या ठरावावर बोलले. काँग्रेसच्या बाकांना वाटले होते, आता आग ओकली जाणार. परंतु बाबासाहेबांनी अखंड भारताची बाजू मांडली आणि मुस्लिम लीगला सामील होण्यासाठी अवधी द्यावा, घाईने ठराव करू नये, असे बजावले. विरोधी बाकांवरूनही टाळ्या पडल्या. त्यानंतर मार्च १९४७ मध्ये त्यांनी फेडरेशनच्या वतीने एक निवेदन तयार केले. शेती आणि मूळ उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत, अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळावेत, अशा मागण्या त्यात होत्या. म्हणजे ते हात जोडून आत गेले नव्हते.

पुढे फाळणी ठरली आणि बंगालमधली त्यांची जागा गेली. ३० जून १९४७ रोजी घटना समितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी बाळासाहेब खेरांना पत्र लिहिले. खेर तेव्हा मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, मुख्यमंत्र्याला त्या काळी तसेच म्हणत. समितीतील डॉ. आंबेडकरांचे काम पाहता त्यांच्या सेवेला आपण मुकू नये, तेव्हा त्यांना ताबडतोब निवडून पाठवा, असा त्या पत्राचा आशय होता. बॅ. जयकरांनी सोडलेल्या जागेवर ते निवडून आले. यात दया कोठे आली? सहा महिने काम पाहिलेल्या माणसांनी, गरज ओळखून, विरोधकाला बोलावले.

२९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली. तिच्या सात सभासदांपैकी कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी राज्यकारभारात गुंतले, कोणी प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत, आणि अखेर भार बाबासाहेबांवर पडला. हे आपला कोणी कार्यकर्ता सांगत नाही. ५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी भर सभेत हे सांगितले, आणि ते काँग्रेसचे सभासद होते.

आता त्याची दुसरी बाजू पाहा. २५ नोव्हेंबर १९४९ च्या शेवटच्या भाषणात बाबासाहेबांनी श्रेय वाटून दिले. पहिला मसुदा करणारे सर बी. एन. राव, कलमांची भाषा घडविणारे एस. एन. मुखर्जी, एवढेच काय, काँग्रेस पक्षाची शिस्त, या सर्वांचे ऋण त्यांनी मानले. सभासदांनी ७६३५ दुरुस्त्या सुचविल्या होत्या, त्यांतील २४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. ही शिस्त नसती तर काम तडीस गेले नसते, हे त्यांना ठाऊक होते. पण ज्यांनी शिस्त मोडून वाद घातले त्या कामत, पंजाबराव देशमुख प्रभृतींचेही त्यांनी आभार मानले. स्वतंत्र मतदारसंघ मिळाले नाहीत, सरकारी मालकीची शेती आली नाही. अस्पृश्यता नष्ट करणारे १७ वे कलम मात्र आले.

इकडे मंडलांचे काय झाले? ते पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. एकाच सुमारास दोन नव्या राष्ट्रांचे कायदामंत्री अस्पृश्य समाजातले होते! मंडलांची भागीदारी मुस्लिम लीगशी आणि जीनांच्या शब्दाशी होती. सप्टेंबर १९४८ मध्ये जीना गेले. पूर्व बंगालमध्ये १९५० साली हिंदूंची कत्तल झाली, त्यात आपले नमःशूद्र बांधवही होते. ऑक्टोबरमध्ये राजीनामा देऊन मंडल कलकत्त्यास परतले. पाकिस्तानची घटना तोपर्यंत झालेलीच नव्हती, ती १९५६ साली आली. मंडलांच्या हाती दाखवायला कलम नव्हते. माझ्या मते दोघांतील फरक येथे आहे, शहाणपणात किंवा निष्ठेत नाही.

बाबासाहेबांनीही भागीदारी कायमची मानली नाही. हिंदू कोड बिल त्यांच्या जिव्हाळ्याचे होते. नेहरूंचा पाठिंबा होता, पण सप्टेंबर १९५१ मध्ये चार कलमांनंतर ते बाजूला ठेवले गेले. आतून कडवा विरोध करणाऱ्यांत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद होते, चार वर्षांपूर्वी खेरांना पत्र लिहिणारे तेच. २७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी राजीनामा दिला. दलितांवरील अन्यायाकडे सरकारचे दुर्लक्ष, हेही कारण त्यांनी निवेदनात स्पष्ट नोंदविले. पुढे १९५२ मध्ये मुंबईत आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यात काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध उमेदवार उभे करून त्यांना पाडले.

हिंदू कोडाचे तुकडे करून १९५५ आणि १९५६ साली कायदे झाले. बाबासाहेब तेव्हा राज्यसभेत विरोधी बाकावर होते. विवाहाच्या आणि मुलींच्या वारसाहक्काच्या त्या कायद्यांना संमती दिली ती राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनीच.